दहा दिक्पाल आणि लाल गाडी

ढुंढिराज कान्हेरे यांची गाडी त्यांच्या दारात कधी आली नाही आणि येण्याचा प्रश्नही नव्हता. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या ज्या गल्लीत ते राहतात, तिथे समोरून गाय आली तर माणसाने कोणाच्या तरी पायरीवर चढून उभे राहायचे असते. म्हणून गाडी गंगेपलीकडे रामनगरला, रामजनम यादवांच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. भिंतीच्या अलीकडे म्हशी रवंथ करत आणि पलीकडे ती उभी असे: लाल रंगाची, दोनच माणसांची, कापडी छप्पर मागे सरकवता येणारी आणि इतकी बुटकी, की आत बसायचे म्हणजे पाटावर बसल्यासारखे वाटावे.

गाडीचा मालक कोण म्हणून विचारले, की रामजनम ढुंढिराजांकडे बोट दाखवी आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघण्यात त्याला मोठी मजा येई. कारण समोर दिसे तो धोतर-उपरण्यातला, शेंडीभोवती घेरा राखलेला, सत्तावन्न वर्षांचा याज्ञिक ब्राह्मण. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धे, वास्तुशांती, मुंजी, उदकशांत हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. सकाळचा वेळ अमृतराव घाटावर किंवा यजमानांच्या घरी जाई. दुपारी काम नसले, की स्कूटरवर बसून ते पूल ओलांडत, शेडमध्ये धोतर सोडून घडी करून ठेवत आणि निळा, डागाळलेला डगला चढवत. तो त्यांना रेल्वेच्या कारखान्यातल्या एका यजमानाने दिला होता. तोही दक्षिणेतच धरला पाहिजे.

गाडी मात्र दक्षिणेत आली नव्हती. ती दानात आली होती.

सात वर्षांपूर्वी विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक शरदराव दाबके वारले. तेराव्या दिवशी दान करायचे असते ते गेलेल्या माणसाला लागेल असे: अंथरूण-पांघरूण, छत्री, जोडा, पाण्याचे भांडे. पुढची वाट सोपी व्हावी म्हणून. मुलगा निनाद परदेशातून आला होता. त्याने रीतसर विचारले, की बाबांना आवडणारी आणखी एखादी वस्तू द्यायची असेल तर चालते का. ढुंढिराज म्हणाले, चालते, उलट द्यावीच. तेव्हा आतापर्यंत भिंतीला टेकून बसलेल्या प्रभावतीबाई, म्हणजे शरदरावांच्या पत्नी, उठल्या आणि आतून गाडीची किल्ली घेऊन आल्या. निनाद जरा चपापला. त्याने गाडीला गिऱ्हाईक शोधून ठेवले होते. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने किल्ली विड्याच्या पानावर ठेवली, वर पाणी सोडले आणि ढुंढिराजांनी हात पुढे केला. आयुष्यात त्यांनी चारचाकी चालवली नव्हती.

निघताना प्रभावतीबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, एकच सांगते. ती उभी ठेवू नका. ह्यांना एका जागी बसवत नसे.”

ढुंढिराज “हो” म्हणाले. त्या ‘हो’मध्ये काय काय येणार आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

त्यांच्या मंडळींत थोडी कुजबुज झाली. मेलेल्या माणसाच्या नावाचे वाहन आपल्यातलाच माणूस चालवतो म्हणजे काय, असे एकदोघांनी बोलून दाखवले. ढुंढिराजांनी असे दान घेतल्याबद्दल शास्त्रात सांगितला आहे तेवढा गायत्रीचा जप केला आणि विषय आपल्यापुरता मिटवला. मग मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातले. शिकवणारा त्यांच्या मुलाच्या वयाचा होता आणि हाताखाली गुरुजी आल्यामुळे बिचारा ओरडायचे विसरून गेला. महिन्याभरात ढुंढिराज विंध्याचलपर्यंत जाऊन आले. नंतर तर मिर्झापूरच्या बाजूचे यजमान वाट बघू लागले, की गुरुजी कधी येतात आणि त्या लाल गाडीतून, मांडीवरची पोथी सावरत, कसे उतरतात.

पत्नी कालिंदीबाई मात्र त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. त्या रागावल्या नव्हत्या. “तुम्ही जप केलात, तुम्ही बसा. मी काही जप केलेला नाही,” एवढेच त्या म्हणत.

दुरुस्ती ढुंढिराजांच्या अंगावर आली ती दुसरा मार्ग नव्हता म्हणून. गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. शहरातले मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारत, फायबरच्या अंगावर बोटाने टकटक करत आणि म्हणत, इसका पार्ट कहाँ से लाएँगे. रामनगरच्या एका मिस्त्रीने बॉनेट उघडले होते. पण ही तेराव्यातल्या दानाची आहे हे कळल्यावर त्याने ते हलकेच खाली टेकवले आणि हात धुऊन आला. तेव्हा ढुंढिराजांनी ठरवले, की हे आपणच करायचे. त्यांचा स्वतःवर विश्वास होता आणि त्याला कारणही होते. ज्याला चार दिवसांच्या यागात कोणत्या क्षणी कोणती समिधा, कोणते पात्र, कोणता मंत्र हे चुकत नाही, त्याला एका यंत्राचा क्रम का जमू नये? विधी कळला, की हात आपोआप चालतो, असे ते म्हणत. हे खरेच ठरत गेले. ब्रेकच्या पट्ट्या त्यांनी बदलल्या. क्लचची तार घातली. दारापाशी फायबरला गेलेली भेग काचेच्या जाळीने आणि राळेने अशी भरली, की बोट फिरवूनही कळू नये. छप्पर फाटले तेव्हा सायकलरिक्षाची टपे शिवणाऱ्या कारागिराकडून नवीन शिवून आणले. पूजेच्या साहित्याप्रमाणे सुटे भागही ते नेहमी जोडीने आणत. ऐन वेळी सुपारी किडकी निघाली तर दुसरी हाताशी असावी, तसे.

रामजनम हे सगळे म्हशींना चारा घालता घालता बघत असे. त्याचा एक प्रश्न ठरलेला होता. “पंडितजी, हमारी भैंस खड़ी रहे तो भी दूध देती है. ये क्या देती है?”

“ये खड़ी नहीं रहती, यादवजी,” ढुंढिराज उत्तर देत.

हे उत्तर या वर्षी फाल्गुनात उलटले. गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत होती. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर ज्येष्ठात परिवहन कार्यालयात गाडी स्वतःच्या चाकांवर नेऊन तपासणीत पास करून घ्यायची होती. तारीख मिळालेली होती. पास झाली नाही तर ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. आणि जी रस्त्यावर आणता येत नाही, ती शेडमध्ये ठेवून तरी काय करायचे? रामजनमच्या ओळखीचा एक भंगारवाला एकदा येऊन दुरून पाहून गेला होता.

आणि नेमकी तेव्हाच गाडी तापू लागली. चुनारच्या रस्त्यावर काटा लाल पट्टीत गेला, मागून पांढरा धूर निघाला. ढुंढिराजांनी ती सावलीत घेतली, निवू दिली आणि तेल भरायचे बूच उघडून बघितले. बुचाच्या आतल्या बाजूला ताकासारखा पांढुरका थर बसला होता. तेलात पाणी शिरले होते. पुस्तकांवरून, व्हिडिओंवरून आणि सात वर्षांच्या अनुभवावरून त्यांना कारण लगेच कळले. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचे जड झाकण, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. गॅसकेट. पाणी, तेल आणि अग्नी या तिघांनी एकमेकांच्या घरात जायचे नाही, ही व्यवस्था तो बघतो. ती व्यवस्था मोडली होती.

काम मोठे होते, पण ढुंढिराज डगमगले नाहीत. याच जातीचे इंजिन दुसऱ्या एका गाडीला असते, हे त्यांनी शोधून काढले. दिल्लीत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, ऋताने, कश्मीरी गेटच्या बाजारातून गॅसकेट आणि हेडचे बोल्ट मिळवून पाठवले. अर्थात दोन दोन संच. फोनवर ती म्हणाली, “बाबा, दुकानदार पूछ रहा था की मेकॅनिक कौन है. मी सांगितलं, आमचे बाबा पंडित आहेत. तो बोलला, फिर तो गाड़ी भगवान भरोसे है.”

“त्याला सांग, भगवान आमच्या भरोशावर आहे,” ढुंढिराज म्हणाले. त्यांना स्वतःच्या बोलण्याचे नंतर बराच वेळ हसू येत राहिले.

चैत्रात त्यांनी इंजिन उघडले. कालिंदीबाईंची नेलपॉलिशची बाटली नेऊन, इंजिनाचा दातेरी पट्टा पुन्हा त्याच जागी बसावा म्हणून त्याच्या दातांवर खुणा केल्या, प्रत्येक नट-बोल्ट द्रोणात ठेवून द्रोण ओळीने मांडले. हेड उतरवून लेथवाल्याकडून त्याचा तळ सपाट करून आणला. मग नवा पत्रा ठेवला, वर हेड बसवले आणि बोल्ट आवळायची वेळ आली.

बोल्ट दहा होते. पाच-पाचच्या दोन रांगा. ढुंढिराजांनी ते बघितले आणि त्यांचे मन प्रसन्न झाले. दहा म्हणजे दशदिक्पाल. इंद्र, अग्नी, यम, निर्ऋती, वरुण, वायू, सोम, ईशान हे आठ दिशांचे, आणि वरचा ब्रह्मा व खालचा अनंत. कडेचे आठ बोल्ट आठ दिशांचे आणि मधली जोडी ब्रह्मा-अनंताची, इतके चोख. आयुष्यभर प्रत्येक मंडलावर त्यांनी हे दहा देव एकाच क्रमाने बसवले होते: पूर्वेपासून सुरुवात, उजव्या हाताने फिरत ईशानापर्यंत, आणि शेवटी ब्रह्मा आणि अनंत. तसेच त्यांनी बोल्ट आवळले. आदल्या दिवशी व्हिडिओत एक मिस्त्री हेच काम करताना त्यांनी पाहिला होता. तो मधूनच सुरू करी, मग इकडचा एक, मग तिकडचा एक, मग पुन्हा भलतीकडचा. माणूस हुशार आहे पण शिस्त नाही, असा शेरा मारून ढुंढिराजांनी फोन बंद केला होता.

इंजिन सुरू झाले. आवाज गोड होता. रामजनम चारा टाकायचा थांबून ऐकू लागला. ढुंढिराज किल्ल्याच्या चौकापर्यंत जाऊन परत आले आणि शेडमध्ये शिरता शिरता काटा पुन्हा चढला. पाण्याच्या टाकीत बुडबुडे येत होते, चहाच्या आधणासारखे. बुचाखाली पुन्हा ताक.

रामजनम म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला की भंगारवाला परवा इकडे येणार आहे, नुसते बोलून ठेवायला काय हरकत आहे. ढुंढिराज म्हणाले, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

घरी कालिंदीबाईंनी त्यांच्या हातावरचे काळे बघितले आणि तोंडावरचे वाचले. जेवण झाल्यावर म्हणाल्या, “अहो, सात वर्षं चालवलीत ना? दान पावलं. आता सोडून द्या.”

“पावलं की नाही, हे मी कुठे ठरवणार?” ढुंढिराज म्हणाले.

त्यांच्या मनात होते ते त्यांनी बोलून दाखवले नाही, पण कालिंदीबाईंना ते माहीत होते. इतक्या वर्षांत त्यांनी किती छत्र्या घेतल्या, किती जोडे, किती गाद्या. त्यांतले घरात फार थोडे राहिले. दान दिलेली गादी संध्याकाळी त्याच दुकानात परत जाते आणि पुढच्या यजमानाला तीच गादी मिळते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. एक निळ्या फुलांची गादी तर ढुंढिराजांनी तीनदा हात जोडून स्वीकारली होती. यजमान मनापासून देतो, ब्राह्मण मंत्र बरोबर म्हणतो, यापुढे कोणी विचारत नाही. या सगळ्यात एकच वस्तू अशी होती, की जी कोणाच्या वाटेसाठी दिली म्हणून त्यांनी घेतली आणि जी खरोखर वाटेवर राहिली. ती भंगारात गेली तर शरदरावांचे काय व्हायचे ते होवो, पण आपण हात पुढे करून काय म्हणालो होतो, याला अर्थ राहत नव्हता. ढुंढिराजांना एवढ्यापुरती ती गाडी हवी होती.

वैशाखात नागपूरचे एक कुटुंब उदकशांतीसाठी आले. अमृतराव घाटावर पायऱ्यांच्या वरच्या फरशीवर मांडव घालायचा होता. नदीवरून वारा होता. यजमानांचे दोघे भाचे उत्साही होते. गुरुजी कलश मांडेपर्यंत मांडव आम्ही उभा करतो, म्हणून त्यांनी बांबू आणि कापड ताब्यात घेतले. ढुंढिराज तांदळाच्या राशी करत होते. मान वर करून बघतात तो कापड एका अंगाला ओढले गेलेले, मध्ये पोट सुटलेले आणि वारा त्या पोटात शिरून सगळे फडफडवतो आहे. भाच्यांनी एका कोपऱ्यापासून सुरुवात करून गोल फिरत चारी टोके करकचून बांधली होती, आणि मधला बांबू शेवटी खाली घुसवण्याची खटपट चालली होती.

“अरे, सोडा ते सगळं,” ढुंढिराज बसल्या जागेवरून म्हणाले. “गोल फिरून मांडव बसत नसतो. आधी मधला बांबू. मग आग्नेय ओढा, लगेच त्याच्या समोरचा वायव्य. मग नैर्ऋत्य, लगेच ईशान्य. आणि पहिल्या खेपेला घट्ट बांधायचं नाही. नुसतं धरायचं. दुसऱ्या फेरीत आवळा, तिसऱ्या फेरीत गाठ…”

गाठ हा शब्द तोंडात तसाच राहिला. मुठीतले तांदूळ राशीवर पडायच्या ऐवजी भलतीकडेच पडले. ढुंढिराज त्या कापडाकडे बघत राहिले. भाचे त्यांच्याकडे बघत राहिले, की गुरुजी पुढे काय सांगतात. मधला बांबू वर गेला, समोरासमोरची टोके ओढली गेली आणि कापड असे ताठ झाले, की वारा त्यावरून सरळ निघून गेला.

“वा,” ढुंढिराज म्हणाले. हे त्यांनी भाच्यांना म्हटले असे सगळ्यांना वाटले.

त्या व्हिडिओतल्या मिस्त्रीची त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली. तो शिस्तीतच होता. मांडव घालायची शिस्त होती ती. आपण मात्र इंजिनाला प्रदक्षिणा घालून आलो. आधी कडा करकचून आवळल्या, मध्याला फुगून वर यायला लावले आणि मग त्या फुगलेल्या मध्यावर ब्रह्मा आणि अनंताला बसवायला गेलो. दुसरा कोणी शिकाऊ असता तर कदाचित कसेही आवळून निम्मे बरोबर आवळले असते. इतके पद्धतशीर चुकायला दशदिक्पाल पाठच असावे लागतात.

पण त्यांनी घाई केली नाही. उदकशांत संपूर्ण झाली, एकही ऋचा उरकली गेली नाही, यजमानांकडे जेवण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळची संध्या आटोपून ते रामनगरला गेले.

उघडताना त्यांनी क्रम उलटा धरला. आधी कोपरे, शेवटी मध्य. विसर्जन नेहमी उलट्या क्रमाने. पत्रा हातात आल्यावर त्यांनी तो उजेडात धरला. कडेला दाब खोल उमटला होता, आणि मधोमध जवळजवळ काहीच नव्हते. तिथूनच पाणी वाट काढत होते. एवढे स्पष्ट लिहिलेले समोर असल्यावर त्यांना अगदी हलके वाटले. गाडीत दोष नव्हता, दानात नव्हता, शरदरावांच्या नशिबात नव्हता. क्रमात होता, आणि क्रम सुधारता येतो.

हेडवर पोलादी पट्टी आडवी-तिरकी ठेवून त्यांनी बघितले, तिच्याखाली पातळ पानही सरकत नव्हते. म्हणजे ते वाकले नव्हते. दुसरा पत्रा आणि बोल्टांचा दुसरा संच घरून आणलेलाच होता. जोडीने साहित्य आणायच्या त्यांच्या सवयीला कालिंदीबाई कंजूष माणसाचा उधळेपणा म्हणत. आज तो उपयोगी पडला.

त्यांनी पाना घेतला. पहिल्या फेरीला बोल्ट नुसते टेकवले, दुसरीला आवळले, तिसरीला ठरल्या ताकदीला पाना टक् असा आवाज करतो तोपर्यंत ओढले. प्रत्येक वेळी आधी ब्रह्मा, मग अनंत, मग त्यांच्या शेजारचा एक, लगेच त्याच्या तिरका समोरचा, असे मधून बाहेर. नावे तोंडाने चालू होती. त्याशिवाय त्यांच्या हाताला क्रम धरता येत नसे, आणि आता नावांचा क्रम त्यांनी बदलून घेतला होता.

रामजनम दारात येऊन उभा राहिला. “किसका नाम ले रहे हैं, पंडितजी?”

“दसों दिशाओं का.”

“हमारा पानी का पंप भी तीन महीने से बंद है,” रामजनम म्हणाला. “उसके लिए कितनी दिशाएँ लगेंगी?”

“पहले खोलकर बोल्ट गिनने दो.”

त्या संध्याकाळी गाडी किल्ल्यापर्यंत गेली, मग पुढे, मग आणखी पुढे. काटा मध्यावर आला आणि तिथे बसून राहिला. ढुंढिराजांनी आठवडाभर रोज बूच उघडून बघितले. तेल तेलासारखे होते, पाणी पाण्यासारखे.

तपासणीचा दिवस ज्येष्ठातला. सकाळी कालिंदीबाईंनी त्यांच्या तळहातावर दही ठेवले. प्रवासाला निघताना त्या नेहमीच ठेवत, पण गाडीच्या कामाला जाताना आजवर कधी ठेवले नव्हते. “पास झाली तर बघू, विंध्याचलला मी येते का,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रामजनम आपणहून बरोबर निघाला. त्याने पाण्याचा मोठा डबा भरून घेतला आणि तो गुडघ्यांमध्ये धरून बसला. त्या बुटक्या गाडीत त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते, तरी डबा त्याने खाली ठेवला नाही. मला विश्वास आहे पण इंजिनाला कुठे माहीत आहे, असे त्याचे म्हणणे.

सामने घाटाच्या पुलावर वाहने अडकली. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. वर सूर्य, खाली सिमेंट, दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर आणि टेंपो, आणि मध्ये ही लाल गाडी, सगळ्यांच्या गुडघ्याएवढी. तापायचीच असेल तर गाडीला यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती. रामजनम काट्याकडे बघत होता. ढुंढिराज नदीकडे बघत होते. मधून एकदा पंखा आपोआप सुरू झाला, घुरघुरला आणि बंद झाला. रामजनमने डब्याच्या बुचावर हात ठेवला.

“पंखा है. गरम होने पर चलता है, ठंडा होने पर रुकता है,” ढुंढिराज म्हणाले. “काँटा देखिए.”

काटा जागचा हलला नव्हता. शेजारच्या टेंपोचे बॉनेट मात्र वाफाळले होते आणि ड्रायव्हर खाली उतरून कपाळावर हात मारत होता. रामजनमने एकदा ढुंढिराजांकडे पाहिले, मोठ्या मनाने आपला डबा बाहेर काढला आणि त्याला देऊन टाकला. पुढचा सगळा रस्ता तो पाय जरा मोकळे करून बसला.

परिवहन कार्यालयातल्या अधिकाऱ्याने दिवे बघितले, ब्रेक बघितले, धुराची नळी लावली, खाली वाकून इंजिनाचा नंबर शोधला. सगळे झाल्यावर त्याने विचारले, इसका काम कौन करता है. ढुंढिराजांनी स्वतःकडे बोट दाखवले. अधिकाऱ्याने त्यांच्या घेऱ्याकडे, गंधाकडे, नखांतल्या काळ्या रेघांकडे पाहिले आणि गाडी पास केली. आणखी पाच वर्षे.

रामजनमला त्यांनी पुलाच्या अलीकडे ऑटोत बसवले. पंपाचे काम रविवारी बघू, असा शब्द त्याने आधी वाजवून घेतला. मग ढुंढिराज एकटे महमूरगंजला प्रभावतीबाई राहतात त्या इमारतीपाशी गेले आणि खालूनच फोन केला. गाडी पास झाली, एवढेच सांगायचे होते. पण बाई काठी टेकत खाली आल्या.

त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दारापाशी भरलेल्या भेगेवर नेमके बोट ठेवले आणि विचारले, की इथे काय झाले होते. ढुंढिराज चाट पडले. इतक्या वर्षांत ती जागा कोणाला सापडली नव्हती. मग बाईंनी काठी आत टाकली, हात पुढे केला आणि ढुंढिराजांच्या आधाराने त्या खाली, त्या पाटाएवढ्या उंचीच्या सीटवर बसल्या. आपल्या सीटवर. पदर कानामागे घट्ट खोचून घेतला, जसे की वाऱ्याची त्यांना सवयच होती.

गाडी सुरू झाली. चौकातल्या सिग्नलला थांबल्यावर बाईंनी खाली ढुंढिराजांच्या पायाकडे पाहिले.

“गुरुजी, क्लचवरून पाय काढा,” त्या म्हणाल्या. “हे असा पाय ठेवून बसत नसत. झिजतो.”

“हो,” ढुंढिराज म्हणाले आणि पाय काढला.

सिग्नल हिरवा झाला. पुढे दुपारचा रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. प्रभावतीबाई मागे टेकल्या.

“आता जरा पळवा,” त्या म्हणाल्या.